अठ्ठ्याऐंशीऐवजी त्र्याहत्तर

१

सुधाकररावांचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्याच दुपारी शकुंतलेने मला हाक मारून घरात घेतलं. दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "सुषमा, डोंगरावरून त्या दिवशी जे ऐकू आलं ते यांनी पाठवलेलं नव्हतं. आणि यांनीच पाठवलं असेल, तर हे माझ्यावर रागावून गेले. दोन्हीतलं खरं काय, ते मला शोधून दे."

मी पोलीस नाही, वकील नाही. सुरतेतल्या एका मराठी शाळेत सगळी हयात घालवून निवृत्त झालेली बाई आहे. पण गृहपाठ का झाला नाही याची कारणं ऐकत म्हातारं झालेलं माणूस थाप चटकन ओळखतं, आणि शकूला हे माहीत होतं. अडाजणच्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर आहेत. तिच्या घरात काय शिजतंय ते मला कळतं आणि माझ्या घरात काय करपलंय ते तिला.

सुधाकरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि हौशी रेडिओवाले होते. म्हणजे सरकारी परवाना काढून, आपलं असं एक कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं सांकेतिक नाव, घेऊन, घरबसल्या जगभरच्या अनोळखी लोकांशी मोर्समध्ये टिकटिक करायची. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण यांना डोंगर लागायचे. पाठीवर छोटा रेडिओ, बॅटरी आणि तारेचं गुंडाळं घेऊन एखाद्या शिखरावर चढायचं, काठी उभी करून तार ताणायची आणि वरून हाका मारायच्या. किमान चार जणांनी उत्तर दिलं तरच ते शिखर तुमच्या नावावर लागतं. खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशासाठी, असं मी त्यांना तोंडावर विचारलेलं आहे. ते नुसते हसायचे.

ते डोंगरावर गेले की शकू घरचा रेडिओ लावून बसायची. तिला मोर्स येत नाही. तिला तीनच गोष्टी कानाने ओळखू यायच्या. नवऱ्याचं कॉलसाइन आणि दोन आकडे, त्र्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी. हे लोक निरोप घेताना एकमेकांना त्र्याहत्तर पाठवतात, त्याचा अर्थ नमस्कार, पुन्हा भेटू. अठ्ठ्याऐंशी मात्र घरच्या बाईसाठी असतो. त्याचा अर्थ प्रेम. खरं तर नुसतं प्रेमच नाही, आणखीही काही असतं, पण ते मला सांगताना साठीतल्या शकूने पदर तोंडाला लावला होता. सुधाकरराव प्रत्येक शिखरावरून, सगळ्यांना नमस्कार झाल्यावर, शेवटी तिच्यासाठी अठ्ठ्याऐंशी पाठवायचे. सुरतेतल्या रेडिओवाल्यांचा सगळा ग्रुप ते ऐकायचा आणि त्यांना चिडवायचा.

त्या रविवारी सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखून गेलेलं, म्हणून शकूचं म्हणणं, एकट्याने जायचं नाही. त्यांचं म्हणणं, मी काय कुकुलं बाळ आहे का. ते चहा न घेता, गाडीची चावी उचलून निघून गेले. डांगच्या सीमेवर सातकडा म्हणून एक डोंगर आहे, तिथे. दुपारी रेडिओवर त्यांचं कॉलसाइन आलं. लोकांनी उत्तरं दिली. शेवटी त्र्याहत्तर आला आणि पुढे काहीच नाही.

संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. शिखराच्या खालच्या खिंडीत सुधाकरराव एका खडकाला टेकून बसलेले सापडले होते, बॅग शेजारी होती. हृदय बंद पडलं होतं. पायथ्याच्या पाड्यावर कुणी ट्रेकिंगवाला पळत आला, वर माणूस पडलाय म्हणून त्याने सांगितलं, म्हणून लोक वर धावले. तो ट्रेकिंगवाला त्या गडबडीत कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यांनी हिशेब लावला की वरचं काम उरकून खाली उतरताना त्यांना झटका आला. त्यात शंका घ्यायला कुणालाच काही कारण दिसलं नाही.

"शेवटचा आकडा यांनी मुद्दाम गाळला असेल का गं?" शकूने विचारलं. "एवढा राग धरला असेल?"

मी तिला नेहमीसारखी दटावू शकले असते. त्याऐवजी, शोधून देते, असं मी म्हटलं.

२

सुरतेत त्यांच्या ग्रुपमध्ये मोर्स येणारे तिघेच होते. तुषार, बन्सीलाल आणि चेतन. तुषारपासून सुरुवात केली, कारण पोलिसांकडून बॅग आणि गाडी त्यानेच आणली होती.

तुषार एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. बुटका, गुळगुळीत बोलणारा माणूस. त्याच्या बायकोने मला खमण वाढलं आणि तो सुधाकररावांच्या आठवणी सांगत बसला. मी खमण संपवलं आणि सरळ विचारलं की त्या दुपारी तू ऐकत होतास का. तो म्हणाला, हो, मी उत्तरही दिलं, सिग्नल बारीक होता पण स्वच्छ होता. मग शेवटी काय आलं, असं मी विचारलं.

तो लगेच म्हणाला, "आधी त्र्याहत्तर, मग वहिनींसाठी अठ्ठ्याऐंशी. नेहमीसारखं."

मी म्हटलं, शकूला ते ऐकू आलं नाही. तो म्हणाला, मध्येच खरखर आली असेल, वहिनी तशा हळव्या झाल्यात, तुम्हीच त्यांना समजवा.

सिग्नल स्वच्छ होता म्हणणारा माणूस दोन वाक्यांनंतर खरखर आली म्हणतो. शाळेतली पोरं याहून बरी थाप मारायची. बॅग उघडून पाहिलीस का, असं विचारलं तर म्हणाला, हात लावायचा धीर झाला नाही, तशीच वहिनींकडे दिली. गाडी एकट्यानेच चालवत आणली का? तर हो, एकट्यानेच.

मी जिना उतरले तेव्हा एकच गोष्ट पक्की होती. तुषार माझ्याशी खोटं बोलला होता आणि आपण पकडले गेलोय हे त्याला कळलंही होतं.

३

शकूने बॅग कपाटात जशीच्या तशी ठेवली होती. आम्ही दोघींनी ती जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. रेडिओ, बॅटरी, मोर्स वाजवायची चावी, पाण्याची बाटली, हेडफोन. शकू प्रत्येक वस्तू हातात घेऊन थोडा वेळ तशीच धरून ठेवत होती. मी घाई केली नाही.

मग तिने तारेचं गुंडाळं उचललं आणि तिचा चेहरा बदलला. सुधाकरराव तार लाकडी फळीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, आडवीतिडवी गुंडाळायचे. तशी गुंडाळली की उलगडताना पीळ पडत नाही. घरात कुणी ती वेगळी गुंडाळली तर भांडण व्हायचं. शकूने ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलेलं. ही तार मात्र सरळ गोल गोल गुंडाळलेली होती, एकाला एक लागून, घट्ट आणि सुबक.

"हे यांचं नाही," ती म्हणाली.

मी चष्मा लावून तार थोडी उलगडली. आतल्या वेढ्यांत वाळक्या गवताची कुसळं अडकलेली होती, अगदी तळापर्यंत. म्हणजे ही तार घरी आल्यावर कुणी सोडून पुन्हा गुंडाळली नव्हती. ती डोंगरावर, गवतात बसून गुंडाळलेली होती, आणि सुधाकररावांखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने.

मग आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. गाडी आणल्यापासून कुणी हलवली नव्हती, चावी शकूकडेच होती. ड्रायव्हरच्या शेजारची सीट शकूची. ती ठेंगणी आहे, त्यामुळे ती सीट कायम पुढे ओढलेली असते. आता ती पार मागे ढकललेली होती. एखाद्या लांब पायांच्या माणसाने तिथे ऐसपैस प्रवास केला होता.

शकू सीटकडे बघत उभी राहिली. नवरा एकटा गेला नव्हता हे तिला तेव्हा कळलं. दुसरं कुणीतरी बरोबर होतं आणि ते कुणीतरी आज दोन आठवडे तोंड मिटून बसलं होतं. मारलं नसेल ना गं कुणी, असं तिने अगदी हळू विचारलं. मी नाही म्हटलं. पण तेव्हा माझी तरी खात्री कुठे होती?

४

बन्सीलालचं डिंडोलीत मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान आहे. मूळचा अमळनेरकडचा, घरी अहिराणी, गिऱ्हाइकाशी गुजराती आणि माझ्याशी शाळेत शिकलेलं मराठी. पोट सुटलेलं, उंची बेताची. मी रेडिओ आणि मोर्सची चावी त्याच्यापुढे ठेवली आणि हे नीट चालतंय का बघ म्हटलं.

त्याने सगळं जोडलं, चावीवर बोटं ठेवली आणि चावी वाजवली. मग थांबला. पुन्हा वाजवली. तोंडातला मावा थुंकून आला आणि म्हणाला, "मना हात नही लागना याले. बाई, याची सेटिंग कोणी बदलली?"

मला त्याने जे समजावलं ते सोपं होतं. या चावीला दोन पाती असतात. अंगठ्याने दाबलेल्या पात्याने टिंब जातं, बोटाने दाबलेल्या पात्याने रेघ. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा अंगठा एका बाजूला येतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. सुधाकरराव डावखुरे. म्हणून त्यांच्या रेडिओत ही सोय कायम उलटी करून ठेवलेली असायची. ग्रुपमधल्या कुणी त्यांची चावी मागितली की पहिल्यांदा टिंबाच्या जागी रेघा जायच्या आणि सगळे हसायचे. आता ती सोय सुलटी होती. सुधाकररावांनी वाजवलं असतं तर त्यांचं स्वतःचं नावसुद्धा धड गेलं नसतं.

"मग त्या दुपारी ते वाजवत नव्हते?" मी विचारलं.

दुकानातल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून बन्सीलालने वाटेला लावलं. मग म्हणाला की त्याला त्या दिवशीच हात वेगळा वाटला होता. प्रत्येकाची वाजवण्याची एक ढब असते. पण वर वारा असेल, दम लागला असेल असं त्याने स्वतःला समजावलं. अठ्ठ्याऐंशी आलाच नव्हता, हेही त्याने सांगून टाकलं. तुषार आला होता म्हणतो, असं मी म्हटलं तेव्हा त्याने मान खाली घातली. अंत्ययात्रेहून परतताना तुषारच त्याला म्हणाला होता की वहिनींनी विचारलं तर आला होता म्हणू या, आपल्या दोन शब्दांनी काय बिघडतंय.

म्हणजे तुषार खोटं बोलला होता, पण शकूसाठी. मला त्याचा राग आला होता तो उगाच. त्याचं खमण खाऊन त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्याचं वाईट वाटलं.

तेव्हा माणूस असा हवा होता: मोर्स येणारा, उजव्या हाताने वाजवणारा, उंच, आणि त्या दुपारी सुरतेत नसलेला. मी तिथूनच शकूला फोन लावला आणि विचारलं की वरून हाक आली तेव्हा इथून उत्तरं कुणाकुणाची ऐकलीस. तिला अक्षरं कळत नसली तरी गावातले तिघे अगदी जवळचे, त्यांचा आवाज मोठा यायचा. ती न अडखळता म्हणाली, तुषारभाऊंचं जलद असतं, ते आलं. बन्सीलालचं जाड, घुमणारं, तेही आलं. एक जण नेहमी सगळ्यांच्या आधी घाईने घुसतो, तो त्या दिवशी नव्हता.

"ड्युटी असेल असं मला वाटलं," ती म्हणाली. "का गं?"

मी फोन ठेवला. तो घाईने घुसणारा पोरगा माझा विद्यार्थी होता.

५

चेतन आता पोरगा राहिलेला नाही. पस्तिशी ओलांडली असेल, पलसाण्याच्या एका डाइंगच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. शाळेत एवढा उंच होता की फळा अडायचा म्हणून त्याला भिंतीशी बसवावा लागायचा. सुधाकररावांनी त्याला मोर्स शिकवलं, परवान्याची परीक्षा द्यायला लावली. तो त्यांना सर म्हणायचा. मला बाई म्हणतो. तेराव्याला तो आला होता, सगळ्यांना पाणी देत फिरत होता आणि एकदाही शकूच्या समोर गेला नव्हता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कारखान्याबाहेर, हायवेच्या कडेला चहाची टपरी आहे. रंगाच्या वाफेचा वास तिथपर्यंत येतो. आम्ही बाकड्यावर बसलो. तो वाळला होता, डोळे आत गेले होते. त्याने माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच सांगितलं की तो त्या दिवशी घरी होता, सरांना ऐकलं, पण अँटेनाची तार तुटल्यामुळे उत्तर देता आलं नाही. शाळेतही प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा आणि ते हमखास चुकायचं.

मी वाद घातला नाही. पिशवीतून ती लाकडी फळी आणि मोकळी केलेली तार काढली आणि म्हटलं, बाबा रे, ही माझ्याकडून सुटली, शकू चिडेल, जरा गुंडाळून दे. त्याने चहा खाली ठेवला आणि तार हातात घेतली. बोलता बोलता त्याचे हात चालू लागले. सरळ, गोल, एकाला एक लागून, घट्ट आणि सुबक.

डिंडोलीच्या निम्म्या घरांतून त्या काळी बॉबिनं भरली जायची. चेतनची आई कलाबाई दिवसभर सूत गुंडाळायची आणि हा शाळेतून आला की तिच्या शेजारी बसायचा. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांची बोटं सुताने कापलेली असायची. ज्या हाताला लहानपणी बॉबिन भरायची सवय लागली, तो हात तार मिळाली तरी बॉबिनच भरणार. सरांनी त्याला तो आठचा आकडा नक्की शिकवला असणार. पण मन थाऱ्यावर नसलं की शिकवलेलं कुठे आठवतं?

मी त्याला एकेक करून सांगितलं. तारेतली कुसळं, मागे ढकललेली सीट, बदललेली सेटिंग, आणि त्या दुपारी न आलेलं त्याचं उत्तर. सगळं सांगून होईपर्यंत त्याचे हात थांबले होते. त्याने गुंडाळलेल्या तारेकडे पाहिलं आणि ती पटकन बाकड्यावर ठेवून दिली.

"बाई, मी त्यांना काही केलं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला ते कळतंय, पण हे मला सांगू नकोस. जिला सांगायचं आहे ती अडाजणला आहे. तो म्हणाला, तिथे मला नेऊ नका, दुसरं काहीही सांगा.

६

मी त्याला रिक्षात घातला आणि घेऊन आले.

शकूने दार उघडलं. त्याला माझ्यामागे पाहिल्यावर तिला न सांगता कळलं असावं. तिने त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. भिंतीशी उभा राहून, खाली बघत बोलायला लागला.

त्या रविवारी सकाळी सरांनी त्याला फोन केला होता. मी पलसाण्यावरून जातोय, तयार होऊन रस्त्यावर ये. तो गाडीत बसल्यावर सर म्हणाले की तुझ्या काकूंचा हुकूम आहे, एकट्याने जायचं नाही, आणि भांडणात ती जिंकली हे घरी गेल्यावर सांगीन, आत्ताच सांगितलं तर डोक्यावर बसेल. शकूने टेबलाची कड धरली.

चढ अर्धा झाला तेव्हा ते ठीक होते. खिंडीत पोचल्यावर बसले, पित्त झालंय म्हणाले, घाम आला होता. चेतन म्हणाला, परत फिरू. खालपर्यंत फोनला रेंज नव्हती. सर म्हणाले, थोडं बसलो की उतरेल.

"मग ते म्हणाले," चेतन सांगत होता, "शकू रेडिओ लावून बसली असेल. आधीच भांडून आलोय. दुपार टळली आणि मी आलो नाही तर ती जिवाला लावून घेईल. तू वर जा, माझ्या नावाने हाका मार, चौघांची उत्तरं घे आणि शेवटी तिला अठ्ठ्याऐंशी पाठव. ते ऐकलं की ती जेवेल."

दुसऱ्याच्या कॉलसाइनने बोलणं हा या लोकांत मोठा गुन्हा. परवाना जातो. तरी तो गेला, कारण सरांनी सांगितलं होतं आणि सर हसत होते. वर तार ताणली, चावी उलटी वाजायला लागली तेव्हा सेटिंग बदलली, हाका मारल्या. तुषार आला, बन्सीलाल आला, दोघं बाहेरगावचे आले. शिखर सरांच्या नावावर लागलं. मग शेवट राहिला.

"आणि मग?" शकूने विचारलं.

"माझा हातच चालेना, काकू. तुम्ही मला आईसारख्या. त्या आकड्याचा अर्थ मला माहीत आहे. सगळे ऐकत होते. सरांनी पाठवणं वेगळं. माझ्या हाताने मी तुम्हाला ते कसं पाठवू? मला लाज वाटली. मी त्र्याहत्तर पाठवला आणि बंद केलं. म्हटलं, सर घरी जाऊन काय ते सांगतील."

तो खाली आला तेव्हा सर खडकाला टेकलेले होते. त्याने हाका मारल्या, छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. मग बॅग त्यांच्याजवळ ठेवून तो पाड्यापर्यंत पळत गेला. लोक वर धावले आणि हा वळून बसच्या रस्त्याला लागला. भीती वाटली. सरांना टाकून वर का गेलास, असं सगळं गाव विचारील असं वाटलं. नंतर वाटलं, सर शिखरावर पोचले होते असंच काकूंना वाटू दे, तेवढं तरी सुख राहील. रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज राहून जायचं.

मला त्याला फटकारायचं होतं. आजारी माणसाला एकटं सोडून गेलास, मेल्यावरही सोडून पळालास, आणि हिला दोन आठवडे जाळत ठेवलंस. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण शकूने हात वर करून मला गप्प केलं.

"तू वर वाजवत होतास तेव्हा ते होते का रे?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही, काकू. देवाशपथ माहीत नाही."

शकू उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला मान वर करून बघावं लागत होतं. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार, आणि दिली असती तर मी अडवलं नसतं.

"पाठवायचा होतास रे," ती म्हणाली. "त्यात कसली लाज? निरोप त्यांचा होता, तू नुसता पोचवणारा. तो आला असता तर मला कधीच काही कळलं नसतं. मी सुखाने रडले असते."

चेतन भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. शकूच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, पण बोलली ती माझ्याशी.

"ऐकलं की ती जेवेल, म्हणाले. बरोबरचा एकुलता एक माणूस तेवढ्यासाठी वर पाठवला आणि स्वतः एकटे बसले. आणि मी इथे, आकडा आला नाही म्हणून, वाढलेलं ताट झाकून ठेवलं. म्हटलं, त्यांना एवढा राग आहे तर मलाही आहे. सुषमा, मी त्या दिवशी जेवलेच नाही गं."